मागून दिलेलं अक्षर

बुवांना पहिलं अक्षर मी मालगावच्या उत्सवात दिलं. कीर्तनाचा उत्तररंग, म्हणजे कथेचा भाग, ऐन भरात आला होता. राजाने राज्य दान करून टाकलं होतं, मंडपातल्या बायका पदराने डोळे टिपत होत्या, आणि बुवा राणीच्या नावाशी थांबले. चाळीस वर्षं जिची कथा सांगितली त्या राणीच्या नावाशी. त्यांनी मान जराशी डावीकडे, माझ्या बाजूला वळवली. मी झांजेच्या आडून, तंबोऱ्याच्या सुरात मिसळून, नावाचं नुसतं पहिलं अक्षर दिलं. बुवांनी ते उचललं आणि कथा पुढे गेली. कोणाला काही कळलं नाही.

कीर्तनात मागे उभं राहणाऱ्याचं हेच तर काम. बुवांचा श्वास संपला की सूर आपण धरायचा, ते अडखळले की सावरायचं, आणि सावरलं हे समोरच्याला दिसू द्यायचं नाही. माझ्या आईने मला हे शिकवलं, तिला तिच्या काकांनी. आमच्या घरात याला सेवा म्हणतात. त्या सेवेने काय केलं, ते आज सांगते.

आमची मंडळी मिरजेची. जयवंतबुवा हुपरीकर तेव्हा बाहत्तर वर्षांचे होते. मी तृप्ती कागवाडे, सव्वीस वर्षं त्यांच्या मागे झांज घेऊन उभी. तंबोऱ्यावर अकीलभाई. ते तंबोरे बनवतातही, आणि त्यांच्या कारखान्याच्या माडीवर, भोपळ्यांच्या आणि लाखेच्या वासात आमची तालीम चालते. तबल्यावर संग्राम, पेटीवर त्याची बायको नेहा. पाच जणांची मंडळी, पण कीर्तनाखेरीज स्वतःची पदंही बांधायची आणि एकत्र बसून बांधायची, असा आमचा शिरस्ता.

मालगावनंतर दीडेक वर्षाने बुवांनी विषय काढला तो म्हातारपणाचा. शहरात चौकाचौकातल्या पाट्या तेव्हा बोलायला लागल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या पाट्या म्हणायच्या की म्हातारपण हा एक आजार आहे आणि त्यावर उपाय निघालाय. बुवा वैतागायचे. देह जायचा आहे हे सांगायला आता कीर्तनकारालाही चोरी झाली म्हणायचे. मग ठरलं की पद करायचं, आणि प्रत्येकाने एकेक कडवं आपल्याच देहावरून लिहायचं. उसनं काही आणायचं नाही. अडतीस वर्षांचा संग्राम म्हणाला, माझं अजून काही पिकलेलं नाही, मी काय लिहू. अकीलभाई म्हणाले, "तू पोटावर लिही. ते आमच्या सगळ्यांच्या पुढे गेलंय."

अकीलभाईंनी स्वतः लिहिलं ते हाताच्या कंपावर:

तारेआधी हाले बोट हे आताशा
कोणाचा भरोसा काय धरू

ध्रुपद बुवांचं होतं. त्यांनी ते माडीवर उभ्या उभ्या केलं:

आले तैसे गेले दिवस हे दारी
मीच होतो घरी निजलेला

दिवस दारापर्यंत येऊन परत गेले आणि मी आत झोपलो होतो. बुवांनी डोळे पुसले आणि चाल लावायला बसले.

आता गळ्याच्या पट्टीबद्दल सांगायला हवं.

पासष्टी उलटली की महिन्यातून एकदा गळ्याला एक पट्टी लावून घ्यायची, हे तोवर सगळीकडे रुळलं होतं. बोटभर रुंद, अंगाच्या रंगाची, लावली की विसरून जावी अशी. ती आवाज ऐकत नाही. ती गळ्याच्या स्नायूंची हालचाल टिपते. माणूस शब्द उच्चारतो त्याच्या जरा आधी गळा त्या शब्दासाठी तयार होतो. मेंदूला शब्द चटकन सापडला तर ही तयारी एकाच झटक्यात होते. सापडला नाही, तर गळा दोन-तीन चुकीच्या तयाऱ्या करून सोडून देतो. हे सगळं क्षणाच्या एका तुकड्यात होतं. ऐकणाऱ्याला कळत नाही, बोलणाऱ्यालाही नाही. पण शब्द खरोखर हरवायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी ही चाचपड सुरू होते. पट्टी ती चाचपड मोजते आणि एक आकडा देते. आकडा जितका मोठा, तितकी विस्मृती जवळ.

आणि आकडा चाळीसच्या आत असेल तोवर इलाज होता. मेंदूत जी प्रथिनं साकळतात ती विरघळवणारं इंजेक्शन. लोकांनी त्याचं नाव थोपणी ठेवलं होतं. गेलेलं त्याने परत येत नसे, पण आहे तेवढं राहायचं. चाळीसच्या पुढे मात्र ते देत नसत. कारण तोवर ती साकळलेली प्रथिनं मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत जाऊन बसलेली असतात. ती विरघळली की भिंतच गळायला लागते. चाळीसच्या पुढच्या तिघांतल्या एकाला मेंदूत रक्तस्राव झाला, तेव्हा डॉक्टरांनी ती रेघ आखली.

नियम असा होता की पट्टी लावून घरी, एकट्याने पंधरा मिनिटं बोलायचं. बुवा म्हणाले, भिंतीशी बोलायला मला वेड लागलेलं नाही, समोर माणसं असली तरच मला बोलता येतं. आरोग्यसेविका आमच्या कीर्तनांना यायची. तिने भक्तीपोटी सूट दिली, कीर्तनातच लावा म्हणाली. तेव्हापासून महिन्यातल्या एका कीर्तनाला उपरण्याच्या आत पट्टी असायची, आणि आकडा यायचा तेरा, चौदा, फार तर पंधरा. बुवा तो निरूपणात वापरायचे. सरकारी यंत्र म्हणतं मी तरुण आहे, तेव्हा दक्षिणा तरुणाची द्या, असं म्हणून हशा घ्यायचे.

मी मागून अक्षरं देत होते. मालगावला एक दिलं, पुढच्या महिन्यात दोन. मग कोणत्या ठिकाणी मान वळेल ते मला आधीच कळायला लागलं, आणि मान वळायच्या आत अक्षर त्यांच्या कानाशी पोचायला लागलं. मला त्याचा अभिमान वाटायचा. पट्टी गळ्यावर होती, बाकीची कथा त्यांना पाठच होती, आणि जिथे गळा चाचपडणार तिथे चाचपड सुरू व्हायच्या आत मी ती थांबवत होते, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. दोन वर्षं आलं नाही.

पदाचं ध्वनिमुद्रण सांगलीला एका दुपारी होतं. प्रत्येकाने काचेच्या खोलीत एकट्याने गायचं, मग आवाज एकत्र करायचे. आम्ही चौघं मोकळे झालो आणि बुवा आत गेले. जुनी पदं त्यांना कधीच चुकली नव्हती, पण हे पद चार महिन्यांचं होतं, आणि चार महिने मी त्यांच्या मागे उभी होते. बुवांनी पहिली ओळ अप्रतिम म्हटली. दिवस हे दारी. मग थांबले. त्यांनी मान डावीकडे वळवली. डावीकडे काच होती. काचेच्या पलीकडे मी.

पाच वेळा घेतलं. पाचही वेळा तिथेच.

सुनीताकाकू, बुवांच्या पत्नी, आणि मी त्यांना दुसऱ्या दिवशी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉ. श्रावणी मगदूम यांनी बुवांना एकट्याला खोलीत बसवून पट्टी लावली. आकडा आला सेहेचाळीस. डॉक्टरांना तो खरा वाटेना. मागच्या महिन्यात पंधरा होता. त्यांनी पुन्हा लावली. पुन्हा सेहेचाळीस. मग त्यांनी विचारलं, की दर महिन्याची नोंद होत असताना बुवांच्या जवळ कोण असायचं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, सेवा म्हणूनच सांगितलं, कारण तोवर मला दुसरा शब्द माहीत नव्हता.

डॉक्टरांनी जुन्या नोंदी पडद्यावर काढल्या आणि एका जागी बोट ठेवलं. रेघ वर चढायला लागते आणि मध्येच सपाट होते. अशा कितीतरी जागा होत्या. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. हिशेब करून शांतपणे म्हणाल्या, की बुवांनी चाळीसची रेघ साधारण सात महिन्यांपूर्वी ओलांडली असावी. त्याआधीची दीड वर्षं इंजेक्शन बिनधोक देता आलं असतं.

काकू माझ्याकडे न बघता बोलल्या.

"हे घरी विसरायचे तेव्हा मी घाबरायचे, तृप्ती. गॅस चालू ठेवायचे, नातवाला दुसऱ्याच नावाने हाक मारायचे. मग मी कीर्तनाला येऊन मागे बसायचे. तिथे एक नाव चुकायचं नाही. मी घरी जाऊन देवापुढे साखर ठेवायचे."



ताप, झोप, काळजी यांनी आकडा फुगू शकतो, म्हणून महिन्याने एक चाचणी पुन्हा घेतात. ती शेवटची. डॉक्टरांनी बजावून सांगितलं की आशा धरू नका, आणि या वेळी खोलीत कोणीही नसेल.

ती चाचणी दोन दिवसांवर आली तेव्हा संध्याकाळी माडीवर अकीलभाईंनी उपाय काढला. बुवांच्या डाव्या कानात ऐकू येण्याचं यंत्र होतंच. ते माझ्या फोनशी जोडता येतं. मी बाहेरच्या बाकावर बसायचं, आतलं ऐकायचं आणि नेहमीसारखं पहिलं अक्षर द्यायचं. आकडा चाळीसच्या खाली आला की इंजेक्शन मिळेल. संग्राम म्हणाला, तिघांतला एक जातो म्हणजे दोघं वाचतात. नेहाने त्याला गप्प बसवलं. अकीलभाईंचे डोळे लाल झाले होते. ते मला म्हणाले, "ताई, तुझ्यामुळे गेलं, तुझ्यामुळेच येऊ दे."

काकूंनी हात जोडले. मी हो म्हटलं.

बुवा तोवर काही बोलले नव्हते. जिन्यापाशी त्यांनी मला थांबवलं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "मालगावपासून. अक्षर तुझं होतं, माझं नव्हतं."

मी विचारलं, मग तुम्ही कोणाला बोलला का नाहीत.

"काय बोलणार. चाळीस वर्षं लोकांना सांगतोय, देह धरून ठेवू नका. रडणाऱ्या बायांना सांगितलंय, तरण्या पोरांच्या दहाव्याला सांगितलंय. आणि माझी पाळी आली तेव्हा मला भीती वाटली गं. अजून वाटते. तू दे मला परवा. रक्त सांडलं तर सांडू दे. पण हे असं रोज थोडं थोडं जायला नको."

मी त्यांच्या पाया पडले आणि देते म्हणाले. हे मी विसरलेले नाही. मी शब्द दिला होता.

चाचणी सकाळी अकराला होती. बाकावर माझ्या शेजारी काकू जपमाळ घेऊन बसल्या. माझ्या कानात बुवांचा कान होता. त्यांना ऐकू येईल ते सगळं मला येत होतं. खोलीतला पंखा, खुर्चीची कुरकुर, प्रश्न विचारणारा मशीनचा गोड आवाज. सुरुवातीचं सोपं होतं. गाव, वाढदिवस, सकाळी काय खाल्लं. उप्पीट म्हणताना बुवा जरा थांबले आणि मी काही बोलायच्या आत त्यांना ते सापडलं. मग मशीनने सांगितलं, तुम्हाला तुमची विद्या कोणी शिकवली, त्यांच्याविषयी बोला.

बुवा खुलले. कोल्हापूरच्या त्या माडीबद्दल बोलले, पहाटे थंड पाण्याने करायच्या आंघोळीबद्दल, पहिल्यांदा उपरणं खांद्यावर टाकताना गुरूंनी पाठीवर मारलेल्या थापेबद्दल. बोलणं असं झरझर येत होतं की मला वाटलं, ताप असेल, झोप असेल, आकडा खरंच फुगला असेल. मग ते म्हणाले, "तर माझे गुरू..."

आणि थांबले.

नाव दिगंबरबुवा. आमच्या मंडळीत रोज सुरुवातीला घेतलं जाणारं नाव. 'दि' माझ्या जिभेवर येऊन थांबला होता. मला फक्त तोंड उघडायचं होतं. कानात बुवांचा श्वास येत होता. ते वाट पाहत होते. त्यांना माहीत होतं मी आहे.

मला त्या वेळी डॉक्टरांच्या पडद्यावरची ती सपाट रेघ दिसत होती. प्रत्येक सपाट जागी मी होते. आता याच अक्षरावर त्यांना इंजेक्शन मिळेल, आणि मग एखाद्या सकाळी त्यांच्या डोक्यात ती बारीकशी भिंत गळेल, आणि ती गळेल तेव्हा तिथेही मी असेन. दुसऱ्या बाजूला त्यांनी मागितलं होतं. हात जोडून नाही, गुरूने शिष्याकडे मागावं तसं मागितलं होतं.

मी तोंड उघडलं नाही. ते धैर्य होतं की नुसती भीती, हे मला आजही सांगता येत नाही.

"माझे गुरू," बुवा पुन्हा म्हणाले. मग खूप वेळाने, अगदी हळू, "तृप्ती."

मशीनने धन्यवाद दिले आणि पुढचा प्रश्न विचारला.

आकडा आला सत्तेचाळीस. बुवा बाहेर आले. त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. काकूंना म्हणाले, "हिला सांग, माझ्या दारात यायचं नाही."

काकूंनी मला ते सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

पद पुरं करायचं राहिलं होतं. संग्रामने सांगितलं की बुवांच्या जुन्या कीर्तनांवरून यंत्र त्यांचा आवाज तयार करील, ती अडलेली ओळ त्यांच्याच गळ्यात बेमालूम बसवता येईल, जन्मात कोणाला कळणार नाही. मी नको म्हणाले. आमच्यात त्यावरून कडाक्याचं भांडण झालं. अकीलभाईंनी मला सुनावलं, की आता तुला सावरायची लाज वाटायला लागली होय. मी म्हटलं, हो. शेवटी पद तसंच बाहेर पडलं. बुवा म्हणतात, दिवस हे दारी, आणि मग नुसता तंबोरा, बराच वेळ. मग आम्ही चौघं. लोकांना ते फार आवडलं. लोक म्हणाले, काय सुंदर जागा सोडली आहे. त्यांना कोणी काही सांगितलं नाही.

वर्षभरात बुवांची कथा गेली, मग माणसं गेली. काकूंना ते आई म्हणायला लागले. अकीलभाई भेटायला गेले की त्यांना, तंबोरा कितीला, म्हणून विचारायचे. जुनी पदं तेवढी राहिली, अख्खीच्या अख्खी. काकूंनी एका गुरुवारी मला निरोप पाठवला की आता ये, आता त्यांना काही आठवत नाही, राग कसला आठवणार.

मी गेले. बुवा खिडकीपाशी खुर्चीत होते. अंगाने खूप वाळले होते. मी समोर जाऊन नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला ओळखलं नाही हे मला स्पष्ट दिसलं. तरीही त्यांचे ओठ घट्ट मिटले. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि मी बाहेर जाईपर्यंत वळवलं नाही.

मी डॉ. मगदूम यांना जाऊन विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. घटना मेंदूच्या एका भागात राहते आणि तिच्यामुळे झालेली भावना दुसऱ्याच भागात. हा आजार पहिला भाग आधी खातो. म्हणून काय झालं ते पुसलं जातं, पण झालेलं दुःख जागेवर राहतं. कोणाविषयी ते माहीत नसतं, कशासाठी ते माहीत नसतं. चेहरा दिसला की ते उठतं. समजूत घालता येईल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, कशाची घालणार, त्यांच्याकडे गोष्टच उरलेली नाही.

पण आवाजाची वाट वेगळी आहे, हे काकूंनी शोधून काढलं. मी दाराबाहेर उभी राहून त्यांच्याशी बोलत होते, तर आतून बुवांनी विचारलं, कोण आलंय, आवाज सुरेल आहे.

तेव्हापासून मी दर गुरुवारी दुपारी जाते. आत जात नाही. दाराबाहेरच्या पायरीवर, खुर्चीतून दिसणार नाही अशा बाजूला बसते. झांज नेत नाही. मांडीवर ताल धरून एक जुनं पद म्हणते, मग आमचं. आतून बुवा जुन्या पदाला साथ करतात, माझ्यापेक्षा चांगली. आमच्या पदाला गप्प बसून ऐकतात. ध्रुपदाची दुसरी ओळ मी सावकाश म्हणते, सगळी, शेवटच्या अक्षरापर्यंत.

मागच्या गुरुवारी पद संपलं आणि आतून बुवांचा आवाज आला. काकूंना विचारत होते, हे कोणाचं आहे, चांगलं बांधलंय. काकू म्हणाल्या, तुमचंच आहे. ते हसले. थट्टा करतेस का म्हणाले. मग म्हणाले, "त्या बाईंना आत बोलव. उन्हात बसवून ठेवलंयस. आल्यागेल्याला काही द्यायची रीत आहे का नाही या घरात?"

काकू दारात येऊन माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात ताकाचा पेला होता. मी मानेने नको म्हटलं. पायरीवर बसूनच ताक प्यायले.

"त्यांना घाई आहे," काकूंनी आत सांगितलं. "पुढच्या गुरुवारी येतील."

"बरं," बुवा म्हणाले. "आल्या की सांग. मला त्यांना बघायचंय."